गुलाबी रंग कोठें आहे?

"तानापिहिनिपाजा" हा मंत्र ज्याला पाठ नाहीं असा शाळेंत गेलेला मनुष्य आपल्याकडे विरळाच. तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा आणि जांभळा हे सात रंग सूर्याच्या किरणांत असतात, हें आम्हीं तीसपस्तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलें. एकच गोष्ट वर्षानुवर्षें शिकवीत राहिलें कीं आपलें त्या विषयाचें ज्ञान पुरें झालें असें मास्तरास वाटूं लागतें. हा आमच्या पेशाचा दोष होय. आणि गेल्या गणेशोत्सवांत शेणव्याच्या आमच्या घरीं तो उघडा कसा पडला, त्याची ही हकीकत आहे.

मखरासाठीं चिरंजीवांनीं शहापुराहून एल्. ई. डी. दिव्यांची माळ आणली होती. तींत तांबडे, हिरवे, निळे व पिवळे दिवे होते, तसेच गुलाबीही होते. ती पाहून आमच्या नातीनें विचारलें, "आजोबा, तानापिहिनिपाजांत गुलाबी कोठें आहे हो?"

आम्ही निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर हा प्रश्न आम्हांस नवा नव्हता. फार वर्षांपूर्वीं वर्गांत एका मुलानें हाच प्रश्न विचारला होता, आणि "पुस्तकांत आहे तेवढें आधीं शीक" असें म्हणून आम्हीं त्यास खालीं बसविलें होतें. तो मुलगा आतां गांवांत विजेचीं कामें करितो. माळ मखरावर चढविण्यास त्या दिवशीं तोच आला होता. त्यानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि पुन्हां आपल्या कामांत मान घातली. त्या रात्रीं आम्हांस लवकर झोंप लागली नाहीं. दुसरे दिवशीं त्यास बोलावून आम्हीं म्हटलें, "बाबा रे, तुझा प्रश्न आमच्याकडे राहिला आहे. त्याचें उत्तर आपण तिघांनीं मिळून काढूं."

यंत्र घरच्या घरीं झालें. जोड्याच्या रिकाम्या खोक्याच्या एका बाजूस दोन पात्यांच्या धारा जवळ आणून बारीक फट केली. समोर जुन्या सी. डी.चा तुकडा तिरपा बसविला. सी. डी.वर दर मिलिमीटरास सुमारें ६२५ इतक्या दाट रेघा असतात, आणि त्या लोलकाप्रमाणें प्रकाशांतील रंग वेगळे करितात. वरच्या भोंकावर चिरंजीवांचा मोबाईल ठेवून वर्णपटाचें छायाचित्र घेतलें. परंतु मापावांचून पाहणें म्हणजे अर्धवट पाहणें. म्हणून प्रथम माळ्यावरचा जुना सी. एफ्. एल्. दिवा लावला. त्यांतील पाऱ्याच्या वाफेमुळें ४३६ नॅनोमीटरवर निळी-जांभळी आणि ५४६वर हिरवी अशा दोन ठळक रेघा उमटतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दहा लक्षांवा भाग. या दोन खुणांवरून आमची मोजपट्टी तयार झाली. मोबाईल रंगांची चमक आपल्या मर्जीनें कमीजास्त करितो. म्हणून आम्हीं केवळ पट्ट्याच्या जागेवर विश्वास ठेविला, उजळपणावर नाहीं.

प्रकाश असा उलगडून पाहण्याची विद्या महाराष्ट्रांत नवी नाहीं. पुण्याच्या सायन्स कॉलेजांतील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळीं सोलापूर जिल्ह्यांतील जेऊर येथें तळ देऊन सूर्याच्या वर्णपटाचीं छायाचित्रें घेतलीं. त्याच ग्रहणासाठीं सर नॉर्मन लॉकियर हे विजयदुर्गास आले होते. त्यांनीं सूर्य उलगडला. आम्हीं मखरावरची माळ उलगडली, एवढाच फरक!

आतां दिव्यांची साक्ष ऐकावी. तांबड्या दिव्यानें ६३० च्या सुमारास एकच पट्टा दाखविला. हिरव्याचा पट्टा ५२५ च्या आसपास, निळ्याचा ४६५ च्या, पिवळ्याचा ५९० च्या. प्रत्येकाची जागा एक आणि नेमकी. मग नातीनें गुलाबी दिवा फटीपुढें धरिला. एक निळा पट्टा ४५० जवळ दिसला, आणि दूर दुसऱ्या टोकास नारिंगीपासून तांबड्यापर्यंत पसरलेला एक रुंद पट्टा दिसला. मधें, जेथें हिरवा असावयाचा, तेथें बहुतेक अंधारच होता. गुलाबी म्हणून स्वतंत्र पट्टा कोठेंही नव्हता!

याचें कारण दिव्याच्या घडणींत आहे. त्याच्या पोटांतील कण निळाच प्रकाश देतो. त्यावर एका भुकटीचा लेप असतो. ती थोडा निळा प्रकाश गिळून त्याच्या बदली तांबडा बाहेर टाकिते. तांबडा एल्. ई. डी. निक होलोन्याक यांनीं १९६२ सालींच केला होता. पण तेजस्वी निळा १९९३ सालीं जपानांत शुजी नाकामुरा यांच्या हातून सिद्ध झाला. त्यासाठीं आकासाकी, आमानो व नाकामुरा यांस २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. घरोघरचा पांढरा दिवाही निळ्या कणावर पिवळी भुकटी लावूनच होतो.

मग आपणांस गुलाबी दिसतें तें काय? डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन जातींच्या असतात. तांबडा व निळा एकदम आले आणि हिरवा उणा पडला, कीं मन त्या मिश्रणास गुलाबी म्हणतें. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहांत रूपाचे सात प्रकार सांगितले असून त्यांतील शेवटचा "चित्र" आहे. त्याचा अर्थ अनेक रंगांनीं युक्त असें रूप. विद्यार्थिदशेंत हा सातवा प्रकार आम्हांस उगीच ओढून आणल्यासारखा वाटे. त्याचा विषय निराळा असला, तरी एका नांवाखालीं अनेक रंग नांदूं शकतात, हें त्या खोक्यांत पाहिल्यावर त्याची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं.

यांत गृहिणींच्या उपयोगाचीही एक गोष्ट आहे. दिव्याच्या प्रकाशांत जो रंग मुळीं नाहीं, तो कापडावरून परत येणार कोठून? म्हणून दुकानांतील झगमगाटांत पसंत केलेलें लुगडें घरीं निराळेंच दिसतें. तें उन्हांत नेऊन पाहावें, हा वडीलधाऱ्या बायकांचा आग्रह अगदीं शास्त्रशुद्ध आहे. मुलांनीं हें यंत्र अवश्य करावें. मात्र त्यांतून सूर्याकडे कदापि पाहूं नये.

विसर्जनाच्या आदल्या रात्रीं आमचा जुना विद्यार्थी खोक्यांत बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "गुरुजी, म्हणजे माझा प्रश्न चुकीचा नव्हता."

"नव्हता," आम्हीं म्हटलें. "चूक आमची होती. तुला खालीं बसवावयास नको होतें."