पेट स्कॅनसाठी श्रीगोंद्याहून पुण्याला का जावं लागतं?

डॉक्टरांनी कॅन्सरच्या पेशंटला ‘पेट स्कॅन करून घ्या’ म्हटलं, की श्रीगोंद्यातली मंडळी बहुतेकदा पुणे गाठतात. सुमारे शंभर किलोमीटर, तेही उपाशीपोटी. एक्स-रे, सोनोग्राफी तालुक्यात होते, मग हे मशीन का नाही?

मशीन महाग आहे, हे खरंच. पण खरी अडचण इंजेक्शनची आहे.

स्कॅनआधी शिरेतून एफडीजी नावाचं औषध देतात. किरणोत्सर्गी फ्लोरिन जोडलेली ही एक प्रकारची साखरच. कॅन्सरच्या बऱ्याच गाठी साखर जास्त ओढतात, म्हणून त्या चित्रात उजळ दिसतात. मात्र हे फ्लोरिन दर 110 मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईत सकाळी बनवलेलं औषध पाच तासांनी श्रीगोंद्यात पोचलं, तर जेमतेम 15 टक्के उरेल. साठा करायची सोयच नाही. म्हणून ते बनवणारं सायक्लोट्रॉन आवाक्यात आणि रोज पुरेसे पेशंट असतील, तिथेच सेंटर परवडतं. देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन 2002 मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. शिवाय अणुऊर्जा नियामक मंडळाचं लायसन्स आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे डॉक्टर लागतात, ते वेगळंच.

गॅमा कॅमेऱ्याचं गणित जरा सोपं आहे. हाडं, किडनी, थायरॉईड, हृदय यांच्या स्कॅनला टेक्निशियम वापरतात. तेही 6 तासांत निम्मं होतं, पण ते ज्या मॉलिब्डेनमपासून तयार होतं, त्याला निम्मं व्हायला 66 तास लागतात. त्यामुळे मॉलिब्डेनमचा जनरेटर हॉस्पिटलमध्ये आणून रोज त्यातून टेक्निशियम काढता येतं. या क्षेत्रातले लोक याला गाईची धार काढणंच म्हणतात! मोठ्या शहरापासून लांबच्या भागासाठी काही मागायचं, तर आधी गॅमा कॅमेरा मागणं जास्त व्यवहार्य.

तोवर पुण्याची फेरी फुकट जाऊ नये, यासाठी थोडी काळजी. आदल्या दिवशी ऊसतोड, पाण्याचे हंडे, जड ओझं टाळावं. राबलेले स्नायूही साखर ओढतात आणि रिपोर्ट वाचताना घोळ होतो. चार ते सहा तास काही खायचं नाही, निघताना चहासुद्धा नाही. साधं पाणी चालतं. डायबिटीस असेल तर गोळी-इन्शुलिन कधी घ्यायचं, हे सेंटरला आधीच विचारावं. वाटेत उशीर होत असेल तर लगेच फोन करावा, कारण तुमच्या नावाचा डोस तिथे मिनिटामिनिटाला कमी होत असतो.

स्कॅननंतर काही तास लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून अंतर ठेवायला सांगतात. म्हणून आजोबांसोबत नातवाला पुणं दाखवायचा बेत त्या दिवशी नको.