उपरोधाची धार आणि संमतीचा देखावा : तंत्रज्ञान, कार्यालय व खासगीपणा यांसंबंधी एक विवेचन

प्रस्तावना

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसाराबरोबर त्याच्याविषयीचा एक विशिष्ट विनोदही रूढ झाला. नव्या यंत्राची वार्ता आली की तिच्यावर टोमणा मारणे, कार्यालयातील संगणक विभागाची खिल्ली उडवणे आणि 'आपले सारे काही त्यांना आधीच ठाऊक आहे' असे म्हणून खासगीपणाचा प्रश्न हसण्यावारी नेणे, ही सुशिक्षित वर्गाची नित्याची भाषा झाली आहे. महाविद्यालयांतील अध्यापक-कक्षही त्यास अपवाद नाहीत. या बोलण्यात बरेच तथ्य असते. तथापि तथ्य ओळखणे आणि त्यावर काही करणे यांत अंतर आहे. प्रस्तुत लेखात या उपरोधाचे स्वरूप, त्यातील सत्यांश व त्याची मर्यादा यांचा विचार केला असून, २०२३ च्या वैयक्तिक विदासंरक्षण कायद्यानंतर अध्यापकवर्गाच्या भूमिकेत कोणता बदल अपेक्षित आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

उपरोधाचे स्वरूप

निखळ विनोद हसवून थांबतो. उपहास दोषावर बोट ठेवतो. उपरोधात मात्र शब्दांचा अर्थ एक आणि बोलणाऱ्याचा अभिप्राय त्याच्या नेमका उलट असतो. स्तुतीच्या मिषाने निंदा करण्याच्या या रीतीला संस्कृत साहित्यशास्त्राने 'व्याजस्तुती' हे नाव फार पूर्वीच दिले आहे. मराठीत श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मधील लेखांतून रूढी व अंधश्रद्धा यांवर उपहासाचे शस्त्र चालवले. त्या विनोदामागे समाजसुधारणेची दृष्टी होती. वाचकाने हसावे आणि हसून झाल्यावर आपले वर्तन तपासावे, अशी त्यात अपेक्षा होती. तंत्रज्ञानविषयक उपरोधालाही हाच निकष लावणे उचित ठरेल.

पाश्चात्य देशांत या उपरोधाला १९९० च्या दशकात बहर आला. स्कॉट ॲडम्स यांची 'डिलबर्ट' ही व्यंगचित्रमालिका १९८९ मध्ये सुरू झाली आणि कार्यालयीन मूर्खपणाचे प्रतीक बनली. सायमन ट्रॅव्हॅग्लिया या न्यूझीलंडच्या लेखकाने संगणक-यंत्रणेचा असा एक व्यवस्थापक निर्माण केला, की जो तक्रार घेऊन येणाऱ्या सहकाऱ्यांचा छळ करण्यातच धन्यता मानतो. १९९३ मध्ये 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात पीटर स्टायनर यांचे एक व्यंगचित्र प्रसिद्ध झाले. संगणकासमोर बसलेला एक कुत्रा दुसऱ्याला सांगतो, की आंतरजालावर आपण कुत्रा आहोत हे कुणालाच कळत नाही. आज तो कुत्रा कोणत्या जातीचा आहे, कोणते खाद्य खातो आणि त्याचा मालक कोठे राहतो, हे जाहिरातदारांना कळू शकते. मूळ विनोद तीन दशकांत असा उलटला आहे.

वार्ता आणि वस्तुस्थिती

तंत्रज्ञानविषयक वार्तांना उपरोधाने उत्तर देण्याची प्रवृत्ती निष्कारण निर्माण झालेली नाही. या क्षेत्रात घोषणा आधी होते आणि वस्तू नंतर येते. कधी येतही नाही. नव्या तंत्रज्ञानाविषयीच्या अपेक्षा प्रथम अवास्तव फुगतात, मग भ्रमनिरास होतो आणि त्यानंतर त्याचा खरा उपयोग ठरतो, हा क्रम दाखवणारा आलेख गार्टनर या सल्लागार संस्थेने १९९५ मध्ये मांडला. आश्चर्य असे, की तो आलेख ठाऊक असलेले व्यवस्थापकही पुढील घोषणेच्या वेळी तितक्याच उत्साहाने टाळ्या वाजवतात.

यंत्राच्या पोटात माणूस लपवण्याची कला तर त्याहून जुनी आहे. वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने १७७० मध्ये व्हिएन्नाच्या दरबारात बुद्धिबळ खेळणारे एक स्वयंचलित यंत्र सादर केले. तुर्की वेषातील त्या बाहुल्याच्या पेटीत प्रत्यक्षात एक निष्णात खेळाडू दडलेला असे. यंत्राला न जमणारी लहान कामे माणसांकडून अल्प मोबदल्यात करून घेणारी सेवा ॲमेझॉनने २००५ मध्ये सुरू केली, तेव्हा तिला त्याच यंत्राचे नाव दिले. येथे उपरोध करणाऱ्यासाठी काही शिल्लकच उरले नाही. कंपनीने ते काम स्वतःच पार पाडले. या उदाहरणाचा बोध असा, की 'यंत्र करते' असे जेथे सांगितले जाते तेथे प्रत्यक्षात कोण करते, हा प्रश्न नेहमी विचारण्याजोगा असतो.

कार्यालयातील संगणक-संस्कृती

संगणक विभागाचे नियम हा उपरोधाचा दुसरा मोठा विषय होय. ठरावीक मुदतीने परवलीचा शब्द बदला, त्यात मोठे अक्षर, अंक आणि चिन्ह असलेच पाहिजे, या आज्ञेचा उगम बहुतांश अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक पुस्तिकेत आहे. नियमाचे पालन झाले ते असे : शब्द तोच राहिला, शेवटचा अंक तेवढा एकने वाढला आणि स्मरणासाठी चिठ्ठी पडद्याच्या कडेला चिकटली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिले, की जुना शब्द हाती असल्यास सुमारे ४१ टक्के खात्यांचा नवा शब्द संगणकाच्या साहाय्याने काही सेकंदांत शोधता येतो. अखेर २०१७ मध्ये त्याच संस्थेने आपली भूमिका बदलली आणि ठरावीक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती करू नये, असे सुचवले. मूळ पुस्तिकेचे लेखक बिल बर यांनीही त्या वर्षी आपल्या सल्ल्याबद्दल खेद व्यक्त केला. म्हणजे इतकी वर्षे कर्मचारी जे हसत-कुरकुरत सांगत होते ते बरोबर होते. मात्र नियम बदलला तो संशोधकांनी मोजमाप करून पुरावा मांडल्यामुळे; कुरकुरीने तो बदलला नव्हता.

देखरेखीचा प्रश्न याहून गंभीर आहे. २०२० च्या महासाथीत घरून काम सुरू झाले आणि कर्मचाऱ्यांच्या कळफलकावर व पडद्यावर नजर ठेवणाऱ्या प्रणालींचा वापर वाढला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने कार्यालयांसाठी 'उत्पादकता गुणांक' दाखवणारी सोय आणली; कोणता कर्मचारी कोणते साधन किती वापरतो हे तीत नावानिशी दिसत असे. त्यावर टीका झाल्यानंतर कंपनीने व्यक्तींची नावे काढून टाकली. दुसरीकडे कर्मचाऱ्यांनी संगणकाचा माऊस आपोआप हलवणारी उपकरणे शोधून काढली. २०२४ मध्ये अमेरिकेतील वेल्स फार्गो या बँकेने कळफलकाच्या हालचालीचा आभास निर्माण केल्याच्या कारणावरून डझनाहून अधिक कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. एक यंत्र माणूस काम करतो की नाही हे पाहते आणि दुसरे यंत्र माणूस काम करत असल्याचे सोंग करते. मधल्या मध्ये प्रत्यक्ष काम कोणाच्याच हिशेबात उरत नाही. मापाला लक्ष्याचे स्थान दिले की ते चांगले माप राहत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र येथे पुरेपूर लागू पडते.

खासगीपणा आणि संमती

१९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सचे प्रमुख स्कॉट मॅकनीली यांनी पत्रकारांना सांगितले, की खासगीपणा आता उरलेलाच नाही, तेव्हा त्याचे दुःख विसरा. या विधानावर त्या काळी संताप व्यक्त झाला. आज तेच वाक्य सामान्य माणूस विनोद म्हणून स्वतःविषयी उच्चारतो. या बदलाचे कारण 'संमती' या संकल्पनेच्या व्यवहारात सापडते.

आंतरजालावरील जवळजवळ प्रत्येक सेवा वापरकर्त्याच्या संमतीवर उभी आहे, असे कागदोपत्री मानले जाते. कार्नेगी मेलन विद्यापीठातील अलीशिया मॅक्डोनाल्ड व लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की एका अमेरिकी वापरकर्त्याने भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे खासगीपणाविषयक धोरण वाचायचे ठरवले, तर वर्षाला सुमारे २०० तास लागतील. १ एप्रिल २०१० रोजी गेमस्टेशन या ब्रिटिश विक्रेत्या कंपनीने आपल्या अटींत ग्राहकाचा अमर आत्मा कंपनीच्या स्वाधीन करण्याचे कलम घातले. ते नाकारण्याची सोय होती आणि नाकारणाऱ्यास पाच पौंडांचे बक्षीसही होते. तरीही सुमारे ७,५०० ग्राहकांनी आत्मा देऊन टाकला. हा प्रसंग विनोदाचा असला तरी त्याचा अर्थ विनोदी नाही. जी संमती वाचता येत नाही, जिच्या अटींवर बोलता येत नाही आणि जी नाकारल्यास सेवाच मिळत नाही, तिला संमतीचा देखावा म्हणणेच योग्य.

'लपवण्यासारखे माझ्याकडे काय आहे?' असा प्रश्न यावर अनेकदा केला जातो. २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी सुमारे ६,५०,००० वापरकर्त्यांचे दोन कोटी शोध-प्रश्न प्रसिद्ध केले. नावांच्या जागी क्रमांक घातले होते. परंतु केवळ शोधलेल्या शब्दांवरून वार्ताहरांनी काही दिवसांतच एका महिलेचा ठावठिकाणा शोधला. तिने काही गैर केले नव्हते. आजार, आपले गाव आणि आपले आप्त यांविषयी तिने केवळ माहिती शोधली होती. लपवण्यासारखे काही नसणे आणि सांगण्याची इच्छा नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या घटनेने स्पष्ट केले.

उपरोधाची मर्यादा

येथवरच्या विवेचनावरून उपरोधाचे निदान बहुधा अचूक ठरते असे दिसते. मग अडचण कोठे आहे? नॉर्मन सॉलोमन यांनी १९९७ मध्ये 'डिलबर्ट'वर लिहिलेल्या पुस्तकात असा आक्षेप घेतला, की हा विनोद मधल्या फळीतील मूर्ख अधिकाऱ्याला झोडपतो आणि वरच्या सत्तेला हात लावत नाही. म्हणूनच तो कंपन्यांनाही गैरसोयीचा वाटत नाही. कर्मचारी व्यंगचित्र कापून टेबलाशेजारी चिकटवतो, हसतो आणि पुन्हा तेच काम करू लागतो. जर्मन तत्त्वज्ञ पीटर स्लोटरडाइक यांनी १९८३ मध्ये या मनोवृत्तीची मीमांसा केली होती. माणसाला सत्य कळलेले असते, तरी तो पूर्वीसारखाच वागत राहतो. त्याचे ज्ञान त्याला मुक्त करत नाही, केवळ कडवट करते.

खासगीपणाच्या संदर्भात नोरा ड्रेपर व जोसेफ टुरो यांनी २०१९ मध्ये 'डिजिटल हतबलता' ही संकल्पना मांडली. लोक आपली माहिती देतात याचा अर्थ त्यांना तिची पर्वा नाही असा होत नाही. त्यांना विरोध निष्फळ वाटतो. ही हतबलता आपोआप आलेली नसून व्यवसायांच्या कार्यपद्धतीतून ती जोपासली जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या दृष्टीने पाहिल्यास 'त्यांना सारे ठाऊकच आहे' हा टोमणा वरवर बंडखोर वाटला तरी परिणामतः तो शरणागतीचा मसुदा ठरतो. कोल्हटकरांच्या उपहासाचा निकष लावला तर हा विनोद अर्ध्या वाटेवरच थांबतो.

कायद्याची चौकट आणि महाविद्यालय

भारतात विरोध निष्फळ आहे असे म्हणण्यास आता पूर्वीइतका आधार राहिलेला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय एकमताने दिला. ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक विदासंरक्षण कायदा संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने अधिसूचनेपासून अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत.

या कायद्यानुसार संमती स्वेच्छेची, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती निर्दिष्ट कामास आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. कायद्यातच एक उदाहरण आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने भ्रमणध्वनीतील संपर्कांची यादी मागितली आणि वापरकर्तीने होकार दिला, तरी त्या यादीपुरता तो होकार ग्राह्य नाही, कारण सल्ल्यासाठी यादीची गरज नाही. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही कायद्याने दिला आहे. मराठी त्यांपैकी एक आहे.

कायद्यात उणिवाही आहेत. नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीविना वापरण्याची मुभा सातव्या कलमात आहे. कार्यालयीन देखरेखीचा प्रश्न त्यामुळे मोठ्या प्रमाणात खुलाच राहतो. यावर कर्मचारी संघटनांनी व विद्वज्जनांनी बोलणे आवश्यक आहे. केवळ हसणे पुरेसे नाही.

अध्यापकांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. उपस्थितीच्या बोटाच्या ठशाविषयी अध्यापक उपरोधाने बोलतो, तेव्हा तो देखरेखीचा विषय असतो. तोच अध्यापक सहलीसाठी ऑनलाइन अर्ज तयार करून त्यात विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, जात आणि पालकांचे उत्पन्न मागतो आणि भरलेली यादी व्हॉट्सॲप गटावर टाकतो, तेव्हा त्याची भूमिका पालटते. विद्यार्थ्याला तो अर्ज नाकारता येत नाही. तोही मुकाट्याने 'मान्य' दाबतो आणि बाहेर जाऊन टोमणा मारतो. कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, काही मर्यादित सवलती वगळता, पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. कनिष्ठ महाविद्यालयांतील बहुसंख्य विद्यार्थी याच वयोगटात मोडतात.

समारोप

उपरोध हा समाजाच्या जागरूकतेचा पहिला हुंकार असतो. घोषणेमागील वास्तव, नियमामागील निरर्थकता आणि संमतीमागील सक्ती त्याने वेळोवेळी उघड केली आहे. तथापि परवलीच्या शब्दाचा नियम पुराव्याने बदलला, उत्पादकता गुणांकातील नावे जाहीर आक्षेपाने गेली आणि खासगीपणाचा अधिकार न्यायालयात मांडल्याने मान्य झाला. प्रत्येक वेळी टोमण्याचे रूपांतर प्रश्नात झाले, तेव्हाच काही घडले. ही माहिती कशासाठी हवी, ती कोण पाहणार, किती काळ ठेवणार आणि नकार दिल्यास काय होणार, हे चार प्रश्न प्राध्यापकाने संस्थेला विचारणे अगत्याचे आहे. त्याआधी विद्यार्थ्यांसाठी स्वतः तयार केलेल्या पुढील अर्जाला तेच चार प्रश्न त्याने विचारून पाहावेत.