द्राक्षमांडवाचा गंज आणि ग्राफीन
सटाणा परिसरातील द्राक्षबागा लोखंडी अँगल आणि तारांच्या मांडवावर उभ्या असतात. पाऊस, दव आणि मोरचूद असलेल्या फवारण्यांनी लोखंड गंजते. म्हणून तारेवर जस्ताचा थर देतात. तो स्वतः झिजून लोखंड वाचवतो.

गंज रोखण्यासाठी ग्राफीनच्या थराचाही विचार होतो. ग्राफीन २००४ साली मँचेस्टरमध्ये वेगळे केले गेले. कार्बनचा हा पापुद्रा एका अणूइतका पातळ असतो, तरी निर्दोष असेल तर पाणी किंवा प्राणवायू आरपार जाऊ देत नाही. मात्र ग्राफीन विजेचे उत्तम वाहक आहे. त्यामुळे त्याच्या नुसत्या थराला ओरखडा पडला, तर उघडा धातू उलट लवकर गंजतो. म्हणून ग्राफीनचे सूक्ष्म कण इपॉक्सी रंगात मिसळतात. त्यांना वळसे घालत पाण्याची वाट लांबते.

मांडवासाठी आज जस्ताचाच थर भरवशाचा. ओरखडा दिसताच जस्तयुक्त रंग लावावा.