मुंग्यांचा माग : शेतीशाळेत करून पाहण्याजोगा प्रयोग

पिठ्या ढेकणाने चिकट झालेल्या द्राक्षवेलीच्या खोडावर किंवा मावा पडलेल्या झाडावर मुंग्यांची रांग हमखास आढळते. ती शेतकऱ्याच्या रोजच्या पाहण्यातील असते. परंतु मुंगीला वाट कशी कळते, असे विचारल्यास ‘ती पुढच्या मुंगीच्या पाठोपाठ चालते’ हेच उत्तर बहुधा मिळते. हे उत्तर अपुरे आहे, हे दाखविण्यास एक कागद, थोडे साखरेचे पाणी आणि तासाभराचा वेळ पुरतो.

सावलीतील सपाट फरशीवर लहान काळ्या मुंग्यांची रांग निवडावी. चावऱ्या तांबड्या मुंग्या टाळाव्यात. वारूळ आणि साखरेचे पाणी यांच्यामध्ये वहीचा कागद रांगेवरच ठेवावा. प्रथम मुंग्या कागदाच्या काठाशी अडखळतात, मिशा हलवीत मागेपुढे करतात. मग एखादी पलीकडे जाते, खाद्य घेऊन परतते आणि हळूहळू रांग कागदावरून वाहू लागते. ती स्थिर झाली की कागद अलगद काटकोनात फिरवावा. पुढची मुंगी किंवा खाद्य पाहूनच त्या चालत असत्या, तर त्यांनी सरळ वाट धरली असती. प्रत्यक्षात कित्येक मुंग्या कागदावरील जुन्याच रेषेने जातात आणि भलत्याच काठाशी येऊन घुटमळतात. वाट कागदाला चिकटलेली असते.

येथे एक पथ्य आवश्यक आहे. दुसऱ्या खेपेस कागद तसाच उचलून न फिरवता परत ठेवावा. गोंधळ केवळ कागद हलल्यामुळे झाला काय, हे त्याशिवाय ठरत नाही. पिकावरील चाचणीत नियंत्रण वाफा का ठेवतात, हे शंभर शब्दांत सांगण्यापेक्षा या दुसऱ्या कागदाने लवकर पटते.

अठराव्या शतकात जिनिव्हाचे निसर्गाभ्यासक शार्ल बोने यांनी मुंग्यांच्या वाटेवरून बोट फिरवून रांग विस्कटल्याचे पाहिले होते. पुढे 1959 मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन यांनी अग्निमुंगीच्या पोटातील एका सूक्ष्म ग्रंथीचा अर्क रेषेसारखा ओढला, तेव्हा मुंग्या त्या कृत्रिम वाटेने निघाल्या. खाद्य सापडलेली मुंगी परतताना हा गंध जमिनीवर टेकवते. मागून येणारी त्यात भर घालते. गंध उडून जाणारा असल्याने खाद्य संपले की वाटही विरते. 1989 मध्ये अर्जेंटिनी मुंग्यांपुढे लांब व आखूड अशा दोन फाट्यांचा पूल ठेवण्यात आला. आखूड फाट्यावरून जाणाऱ्या लवकर परतल्या, तेथील गंध आधी दाट झाला आणि बहुतेक रांग तिकडे वळली. गंमत अशी की, लांब वाट रुळल्यानंतर आखूड वाट जोडली, तर मुंग्या बहुधा जुन्याच वाटेवर राहिल्या. पुठ्ठ्याचा असा पूल शाळकरी मुलेही बनवू शकतात. मात्र साऱ्याच मुंग्या माग काढीत नाहीत. काही जाती एकट्यानेच शिकार करतात.

या प्रयोगानंतर खोडावरील रांग वेगळ्या नजरेने पाहिली जाते. पिठ्या ढेकूण व मावा यांच्या शरीरातून गोड, चिकट द्राव पाझरतो. त्यासाठी मुंग्या या किडींची राखण करतात आणि ढालकिडे व परोपजीवी गांधीलमाश्या यांना पिटाळतात. त्यामुळे क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडण्यापूर्वी मुंग्यांचा बंदोबस्त न केल्यास त्यांच्यावरील खर्च बराचसा वाया जाऊ शकतो. खोड नुसते पुसल्याने रांग काही वेळच मोडते, हे कागदाने दाखविलेलेच असते. गंध पुन्हा साचतो. म्हणून खोडाभोवती प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावावा, थेट सालीवर नव्हे. जमिनीला टेकलेल्या फांद्या आणि खोडाला भिडलेले तण काढले नाही, तर मुंग्यांना तोच पूल मिळतो. पट्टीवर धूळ बसली की ती निकामी होते, हेही पाहत राहावे लागते.

सरसकट कीटकनाशक ओतणे मात्र अनुचित ठरेल. पाने विणून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या काजूवरील ढेकण्या किडीची शिकार करतात, आणि चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत त्या मुद्दाम सोडण्याची प्रथा चौथ्या शतकापासून नोंदलेली आहे. त्याच मुंग्या खवले किडीही राखतात. म्हणून रांग दिसताच ती कोठून निघून कोणत्या किडीपाशी थांबते, हे आधी मागोवा घेऊन पाहावे आणि मगच पट्टी बांधावयाची की ती रांग तशीच राहू द्यावयाची, हे ठरवावे.