मक्याच्या कणसात दाणे का गळतात? बिघाड तुरा दिसण्याआधीच होऊ शकतो

पडेगाव (छत्रपती संभाजीनगर) : उन्हाळी मक्याचं कणीस सोललं की काही वेळा मध्येच दाण्यांच्या जागा रिकाम्या दिसतात. कणसाचे केस उन्हाने वाळले, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण तुऱ्यातल्या परागात असतं आणि त्याची सुरुवात तुरा पोंग्यात असतानाच होते.

परागकण तयार होण्यासाठी एका मातृपेशीचं दोनदा विभाजन होऊन चार पेशी बनतात. मक्याच्या मातृपेशीत २० गुणसूत्रं असतात, ती प्रत्येकीला १० अशी मोजून वाटली जातात. हे काम करतो पेशीचा सांगाडा. तो हाडांचा नसून ट्यूब्युलिन या प्रथिनाच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा असतो. या नळ्या लागतील तशा जोडल्या आणि मोडल्या जातात.

विभाजनाच्या वेळी त्या सूत कातायच्या चातीसारखा आकार घेतात आणि गुणसूत्रं दोन टोकांना ओढतात. मग त्याच नळ्या मध्यभागी जमून नवी भिंत घालायला मदत करतात. पुढे सांगाडाच केंद्रक एका कडेला नेतो, त्यामुळे परागकणात एक मोठी आणि एक लहान पेशी होते. लहानीपासून दोन नरपेशी बनतात. मोठी पेशी केसातून नळी वाढवून त्यांना दाण्यापर्यंत पोचवते.

या नळ्या किती महत्त्वाच्या, ते कळलावीवरून कळतं. तिच्या कंदातलं विषारी कोल्चिसिन नळ्या जुळूच देत नाही. मग गुणसूत्रांची वाटणी थांबते आणि पेशीत ती दुप्पट राहतात.

कडक उष्णतेनेही ही घडी विस्कटते. गुलाबावरच्या अभ्यासात जास्त तापमानात नळ्यांची दिशा चुकून दुप्पट गुणसूत्रांचे पराग तयार झालेले दिसले. मक्यातही तीव्र उष्णतेने परागाची उगवण्याची ताकद घटते. अर्थात त्यामागे सांगाड्याशिवाय इतर कारणंही असतात.

म्हणून उन्हाळी मक्याची पेरणी लांबवू नये. लांबली तर तुरा एप्रिलच्या चाळिशीत सापडतो. तुरा बाहेर पडण्याआधीचे आठ-दहा दिवस आणि केस निघतानाचा काळ, या दोन्ही वेळी पाण्याचा ताण पडू देऊ नये. ओल असली की पीक स्वतःला थोडं थंड ठेवतं. तुरा दिसल्यावर पाणी दिलं तर केसांना फायदा होतो, पण परागात आधीच झालेला बिघाड दुरुस्त होत नाही.