भाडेकरू, शेजारी आणि घरमालक



भाड्याच्या घरांचा विषय निघाला की लोक मुंबई-पुण्याकडे बोट दाखवतात. संग्रामपुरात ज्याचे त्याचे घर. येथे हा प्रश्न कोठून आला, असे मला पुष्कळांनी विचारले. पण गावात तहसील कचेरी आली, दवाखाना आला, बँक आली, की त्यांच्यामागून बदलीचा कारकून, शिक्षिका, परिचारिका, खेड्यातून शिकायला आलेली पोरे, असे सगळे खोली शोधत येतात. मग कोणाच्या तरी मागच्या अंगणात पाच खोल्यांची ओळ उठते. एक नळ, एक संडास, एक वीजमीटर. तिला आपण चाळ म्हणत नाही इतकेच. आपल्या तालुक्यातली जी मुले पोटासाठी पुण्याला किंवा सुरतेला जातात, त्यांच्या नशिबीही अशीच ओळ असते. फक्त ती तिथे दोनमजली असते.

या ओळीत भांडण कोणाचे होते? मालकाशी क्वचित. तो महिन्याला एकदा येतो, पैसे मोजून घेतो, चहा पितो आणि जातो. भांडण होते शेजाऱ्यांत. "काहून वो बाई, सारी टाकी तुम्हीच रिकामी केली का?" येथून सुरुवात होते आणि सात पिढ्यांचा उद्धार झाल्यावर थांबते. आपला भाग खारपाणपट्ट्यातला. बोअरचे पाणी बहुधा खारट, गोडे पाणी येते ते नळाला. तेव्हा एका घागरीवरून दोन बायका का भांडतात, याला हसणाऱ्याने तिथे आठ दिवस राहून पाहावे.

माझे म्हणणे असे, की ही भांडणे दिसतात शेजाऱ्यांची, पण मुळात ती मालकाशी आहेत. पाच बिऱ्हाडांचे भाडे घेणाऱ्याने नळ एकच बसवला, म्हणून बाई बाईच्या अंगावर धावली. कापसाच्या जिनिंगमध्ये हेच चालते. सहा हमालांना दोन हातगाड्या दिल्या की हमाल एकमेकांची गचांडी धरतात. तिसरी गाडी कोणी विकत घ्यायची, हे मात्र कोणी विचारत नाही.

मुंबईचा इतिहास पाहा. १८९६ साली प्लेग आला. दाट वस्तीत माणसे पटापट मेली, तेव्हा १८९८ मध्ये सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला आणि त्याने चाळी बांधल्या. पुढे १९२० नंतर वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे विकास खात्याने बी. डी. डी. चाळी उठवल्या. सुमारे १६० चौरस फुटांची एक खोली आणि नळ-संडास मजल्याला मिळून. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोन खोल्या घेऊन कित्येक वर्षे राहिले. १९१७ साली बडोद्यात संस्थानच्या नोकरीत असताना त्यांना जातीमुळे पारशी धर्मशाळेतून बाहेर काढण्यात आले होते. एवढा शिकलेला माणूस, पण त्या गावात डोके टेकायला जागा मिळेना. आडनाव विचारून खोली "आताच दिली" म्हणणारे मालक आजही आहेत. ते कोण, हे आपल्याला ठाऊक आहे.

आता कायद्याकडे येऊ. राज्य एक झाले तरी भाड्याचा कायदा बरीच वर्षे एक नव्हता. मुंबई व पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्याला १९५४ चा हैदराबादचा, आणि आपल्या विदर्भाला १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा भाडेनियंत्रण आदेश. त्या आदेशाप्रमाणे मालकाला नोटीस देण्याआधीच भाडेनियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागे. ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम लागू झाला आणि हे तिन्ही गेले. मात्र तो सरसकट प्रत्येक खेड्याला नाही. त्याच्या अनुसूचीत जी गावे, त्यांनाच. म्हणून पहिले काम हे, की आपले गाव अनुसूचीत आहे का ते पाहणे. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा लागतो, आणि त्यात महिन्याच्या भाडेकरूला पंधरा दिवसांच्या नोटिशीवर उठवता येते.

जिथे नवा कायदा लागू आहे तिथे पुष्कळ संरक्षण आहे. ठरलेले भाडे देणाऱ्याला आणि अटी पाळणाऱ्याला मनास येईल तेव्हा काढता येत नाही. कारण लागते आणि ते न्यायालयात सिद्ध करावे लागते. भाड्याची लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला हैराण करण्यास मनाई आहे. तसे झाल्यास न्यायालयात अर्ज करता येतो. करार लेखी आणि नोंदवलेला हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा कागद नोंदवावा लागत नाही, हा समज येथे चुकीचा आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी वाद उठल्यास उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे खरे धरतात.

पण जी कारणे दाखवून मालक घर मागू शकतो, त्यांतले एक नीट ऐका: शेजारपाजाऱ्यांना उपद्रव. म्हणजे आज नळावरून तुम्ही शेजाऱ्याविरुद्ध रागाने जी तक्रार लिहून मालकाच्या हाती देता, ती उद्या न्यायालयात त्याचा पुरावा होते. जुने भाडेकरू, कमी भाडे, अशी खोली मोकळी करायची असेल तर मालकाला याहून स्वस्त साधन कोणते? दोघे भांडत असले की तो मध्ये पडत नाही, याचे कारण नेहमीच सज्जनपणा नसतो.

मालकाची बाजूही सांगितली पाहिजे. कित्येक मालक म्हणजे दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणारी विधवा बाई असते. मुंबईत १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून गोठवले गेले, महागाई वाढत गेली, आणि मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसवावा लागला. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली आहे. ती देण्यात कुरकूर करू नये.

राहिला नळ. कायदा दुरुस्तीची सोय करतो: मालकाला पंधरा दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंनी स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. पण दुरुस्ती असलेल्या वस्तूची होते. नसलेला दुसरा नळ कायदा आणून देत नाही. तो मागावा लागतो. कोणी एकट्याने मागितला तर "पटत नसेल तर खोली सोडा" हे उत्तर ठरलेले. माझ्या पाहण्यातल्या एका ओळीत पाचही बिऱ्हाडांनी एका कागदावर सह्या केल्या. सह्या गोळा करायला तीन आठवडे लागले, कारण दोन घरांत दिवाळीपासून बोलणे नव्हते. मालक आधी रागावला, मग प्लंबर घेऊन आला. संडास अजून एकच आहे. त्याचा कागद आता फिरतो आहे.