खिळा किती उंचीवर

मुंबईत जहांगीर कलादालनात चित्रं लावायची तर दालनाचं भाडं चित्रकारानं भरायचं, शिवाय तारीख मिळेपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं. कॅनडातल्या कलाकार-चालित केंद्रांत उलटा व्यवहार आहे. तिथं काम लागलं की केंद्र कलाकाराला मानधन देतं. विक्री होवो न होवो. किंबहुना विक्री होतच नाही, कारण ही केंद्रं दुकानदारी करत नाहीत आणि आत यायला तिकीटही नसतं. आपल्याकडच्या चित्रकार मित्रांना हे सांगितलं की आधी त्यांचा विश्वास बसत नाही. मग लगेच पुढचा प्रश्न येतो, पैसे कोण देतं?

पैसे सरकारी तिजोरीतून येतात: कॅनडा कौन्सिल, क्वेबेकची कला परिषद, थोडे शहराकडून. पण ते कुणी आपणहून दिलेले नाहीत. ओटावाच्या राष्ट्रीय कलादालनानं चित्रकारांच्या कामांच्या प्रतिमा फुकट वापरायची परवानगी मागितली, तेव्हा ऑन्टॅरिओतल्या लंडन गावचा चित्रकार जॅक चेंबर्स भडकला आणि 1968 मध्ये त्यानं इतरांना घेऊन कलाकारांची संघटनाच काढली. पुढं 1975 पासून प्रदर्शनाचं मानधन मिळू लागलं आणि 1988 मध्ये ते कॉपीराइट कायद्यात शिरलं. दरम्यान सत्तरच्या दशकातच कलाकारांनी आपापल्या जागा उघडायला सुरुवात केली होती. मॉन्ट्रियलला 1972 मध्ये व्हेइक्युल, क्वेबेक शहरात 1978 मध्ये ला शांब्र ब्लांश. नियम साधा: संचालक मंडळावर बहुसंख्य कलाकार, निवडही कलाकारांचीच.

मी क्वेबेक शहराच्या सें-रॉक भागातल्या अशाच एका केंद्रात बरीच वर्षं स्वयंसेवक म्हणून हात काळे, खरं तर पांढरे, करत आले. काम म्हणजे प्रदर्शन उतरवणं आणि चढवणं. आधीच्या प्रदर्शनाचे स्क्रू काढायचे, प्रत्येक भोकात लांबी भरायची, वाळली की पॉलिश पेपरनं घासायची, मग रोलर. लांबी जास्त भरली तर तिरप्या प्रकाशात भिंतीवर टेंगूळ दिसतं, कमी भरली तर खळगा. मग जमिनीपासून 145 सेंटिमीटरवर पेन्सिलीची बारीक रेघ. प्रत्येक चित्राचा मध्य त्या रेघेवर आला पाहिजे, कारण उभ्या माणसाची नजर साधारण तिथं पडते असं मानतात. चित्राची उंची मोजा, निम्मी करा, तार ताणल्यावर किती खाली येते ते वजा करा, खूण करा, पाणसळ लावा, भोक पाडा. उद्घाटनाला वाइनचा ग्लास हातात धरून उभ्या असलेल्या कुणालाही यातलं काही दिसत नाही, आणि दिसू नये हेच त्यातलं कौशल्य.

तर या लांबी-रोलरच्या जोरावर मला वेन्दाकेला बोलावणं आलं. तिथं असंच एक केंद्र उघडायचं होतं.

वेन्दाके म्हणजे क्वेबेक शहराच्या मध्यापासून पंधराएक किलोमीटर वायव्येला असलेलं वेन्दात लोकांचं राखीव क्षेत्र. शहर त्याच्या चारी बाजूंनी वाढत गेलंय, त्यामुळे बसमधून उतरेपर्यंत आपण दुसऱ्या राष्ट्रात आलो हे कळत नाही. फ्रेंचांनी या लोकांना ह्युरॉन म्हटलं. त्यांचा मूळ मुलूख पश्चिमेला, जॉर्जियन बेच्या काठी. मक्याची शेती, लाकडी तटबंदीची मोठी गावं. युरोपीयांनी आणलेले साथीचे रोग आणि हौदेनोशौनी (इरोक्वाय) राष्ट्रांशी झालेली युद्धं यांत तो मुलूख मोडला, 1650 मध्ये काही कुटुंबं क्वेबेकच्या आश्रयाला आली आणि 1697 मध्ये कबीर कुबा धबधब्याजवळच्या या जागी स्थिरावली. इथं शेतीला जागा अपुरी. म्हणून शिकार, आणि त्या जोडीला मोकासिन, बर्फात चालायचे जाळीचे जोडे, भरतकाम. एकोणिसाव्या शतकात मार्गरित व्हँसाँ लाविनोंकिए या बाईनं मूस हरणाच्या केसांच्या भरतकामाला नवं बळ दिलं, नवऱ्याच्या साथीनं घरोघरी काम वाटून त्याचा धंदा उभा केला. शहरातले अधिकारी आणि पर्यटक हे गिऱ्हाईक. म्हणजे वेन्दात माणसाला बाजार नवा नाही. नवी होती ती अशी जागा, जिथं काही विकायचं नाही.

राखीव क्षेत्रात जागा उभी करणं हा वेगळाच उपद्व्याप. संस्थेची नोंदणी सोपी, क्वेबेकच्या कंपनी कायद्याच्या तिसऱ्या भागाखाली तीन माणसं पुरतात. कर्जाचं मात्र अवघड. 1876 च्या इंडियन अ‍ॅक्टच्या चौकटीत इथली मालमत्ता बाहेरच्या बँकेकडे गहाण टाकता येत नाही, म्हणून बँक तोंड फिरवते. मग वेन्दाकेच्या परिषदेची हमी, अनुदानाचे अर्ज, आणि अर्जात पुन्हा तोच रकाना: यापूर्वीचा अनुभव. नव्या संस्थेनं तिथं काय लिहायचं? विमावाल्यानं कलाकृतींची बाजारातली किंमत मागितली. जे विकायचंच नाही त्याची किंमत ठरवण्यात एक अख्खी दुपार गेली. मग अग्निशमनाचा मुद्दा निघाला. उद्घाटनाला तंबाखू जाळून प्रार्थना व्हायची होती आणि धूर झाला की छतावरचा अलार्म बोंबलणार. त्या तासापुरता तो बंद ठेवायची लेखी परवानगी, वर आग राखायला एक माणूस. कलेच्या नियतकालिकांत याबद्दल कधी वाचलं नव्हतं, पण केंद्र उघडणं म्हणजे निम्मं हेच असतं.

पहिल्या प्रदर्शनात एका भरतकाम करणाऱ्या बाईंचं काम होतं. ते त्यांच्या घरी आधी पाहायला मिळालं. थंडीत मारलेल्या मूसच्या आयाळीचे, गालांचे केस. धुतलेले, रंगवलेले, दहा-बारा सेंटिमीटर लांब. कोरडा केस मोडतो. म्हणून बाई काही केस तोंडात धरून ओले करतात, त्यांची जुडी काळ्या कातड्यावर ठेवतात, दोऱ्याचा टाका वरून घेतात, आणि टाक्याच्या आधी जुडीला किंचित पीळ देतात. त्या पिळामुळे प्रत्येक टाक्यागणिक केस फुगतो आणि ओळीनं मणी ओवल्यासारखा दिसतो. उजेड एका बाजूनं पडला तर हा फुगवटा दिसतो. समोरून झोत टाकला तर सगळं सपाट, छापील वाटतं. पारंपरिक काम फुलापानांचं असतं. यांनी वेन्दाकेचा नकाशा भरला होता, आत काही नाही, फक्त सीमारेषा.

मी सवयीनं भिंतीवर 145 ची रेघ मारून ठेवली होती. त्या आल्या, रेघेकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “इतक्या वर कशाला?”

“लोकांच्या नजरेच्या उंचीवर,” मी म्हणाले.

“हे मांडीवर धरून करतात. बसून पाहायला हवं. तुम्ही खुर्ची ठेवा.”

तिथं चांगलीच वादावादी झाली. काच कशी बसवायची, झुकलेल्या माणसाची सावली पडेल त्याचं काय, चाकाच्या खुर्चीवरून आलेल्याला गुडघे आत घ्यायला जागा किती. शेवटी तिरपं टेबल केलं, पुढं खुर्ची, डावीकडून एकच दिवा. माझी रेघ पुसली.

मला त्या दिवशी झाकारी व्हँसाँ आठवला. 1838 मध्ये आंत्वान प्लामोंदों या क्वेबेकच्या चित्रकारानं या तेवीस वर्षांच्या वेन्दात तरुणाला समोर बसवून चित्र काढलं आणि त्याला नाव दिलं ‘शेवटचा ह्युरॉन’. चित्राला बक्षीस मिळालं, गव्हर्नर लॉर्ड डरहॅमनं ते विकत घेतलं, दोन वर्षांनी गार्नो या इतिहासकारानं तसल्याच नावाची कविताही लिहिली. सगळं गाव जिवंत असताना एकाला शेवटचा ठरवण्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. व्हँसाँ मात्र स्वतः चित्रं काढायला लागला. आरशात पाहून, वेन्दात सरदाराच्या पोशाखात, चांदीच्या आभूषणांसह, पुन्हा पुन्हा स्वतःची. एका चित्रात शेजारी मुलगा सिप्रियन उभा आहे. ‘शेवटचा’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा सरळ उत्तर काय देणार? त्याचं हे चित्र आज क्वेबेकच्या ललित कला संग्रहालयात आहे. पण संग्रहालय काय घेईल आणि कुठं टांगेल हे संग्रहालय ठरवतं. वेन्दाकेतही 2008 पासून एक देखणं संग्रहालय आहे, हॉटेलला जोडलेलं, आणि तिथं पाहुण्यांना इतिहास छान समजतो. आज काम करणाऱ्याला मात्र अर्धवट, वेडंवाकडं, पाहुण्याला न समजणारं काहीतरी लावून पाहायचं असतं. त्यासाठीच हा खटाटोप. मूळनिवासी कलाकारांनी आधीही तो केलाय: 1995 मध्ये सॅस्काटूनला ट्राइब, पुढच्याच वर्षी विनिपेगला अर्बन शमन. मॉन्ट्रियलला चौघी कलाकारांनी 2019 मध्ये डॅफ्नी स्थापन केलं, ते ज्येष्ठ चित्रकार डॅफ्नी ओजिग यांच्या नावानं.

सगळ्यात लांबलेली बैठक उद्घाटनाची नव्हती, सभासदत्वाच्या नियमाची होती. वेन्दात कलाकार म्हणजे नेमकं कोण? सरकारी ओळखपत्र असलेला, हे उत्तर सोपं. पण 1985 पर्यंत बाहेरच्याशी लग्न केलेल्या बाईचं ते ओळखपत्र कायद्यानंच काढून घेतलं जाई, तिच्या मुलांनाही मिळत नसे. पुरुषानं बाहेरची बायको आणली तर उलट तिलाच दर्जा मिळे. कायदा बदलला तरी अनेक घरांत हा गुंता शिल्लक आहे. दुसरीकडे, पणजीच्या ऐकीव गोष्टीवर मूळनिवासी म्हणवून घेत अनुदानं आणि नोकऱ्या मिळवणाऱ्यांची प्रकरणं कॅनडात गेली काही वर्षं गाजतायत. दार किती उघडं ठेवायचं? एका आजींचं म्हणणं असं की कार्ड बघू नका, कुणाच्या घरचा आहेस ते विचारा. तरुणांपैकी एकीला ते पटेना. घरची ओळखच तुटलेल्यानं काय सांगायचं? शब्द तीनदा बदलले. ठरलं ते असं की कार्डाची अट नाही, कुटुंबाची आणि गावाशी असलेल्या नात्याची माहिती अर्जदारानं स्वतःच्या शब्दांत द्यायची आणि निवड समिती गावातल्या जाणत्यांना विचारणार. मला हा नियम थोडा ढिला वाटला. पण मला मत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पहिल्या आवाहनाला आलेल्या अर्जांत एक मॉन्ट्रियलहून होता. अर्जदाराच्या आजीनं लग्नानंतर गाव सोडलं होतं, आणि त्यानं कौटुंबिक माहितीच्या जागी दीड पान लिहून पाठवलं होतं. आजींनी त्यातलं एक नाव ओळखलं. त्याला बोलवायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की अंदाजपत्रकात मानधन आहे, प्रवासखर्च नाही. मग खजिनदारानं रंगाच्या डब्यांची रक्कम कापून बसभाडं घातलं आणि मला सांगितलं की या वेळी भिंतींना एकच हात मिळेल.